रोखीबाहेरचा तोटा

परमुलखातील मोबाइल कंपनीचे समभाग मोठ्या थाटाने खरेदी करणाऱ्या दूरसंचार कंपनीच्या वार्षिक अहवालात, वाचणाऱ्याचा चष्मा घसरावा इतक्या बारीक टायपात, कालांतराने एक वाक्य हटकून अवतीर्ण होते : सदरहू गुंतवणुकीच्या मूल्यातील घट रोखीची नसल्याने भागधारकांनी विचलित होण्याचे कारण नाही.

हिशेबाचे हे शास्त्र मोठे सूक्ष्म आहे. परदेशी कंपनीचे 20 टक्के वा अधिक समभाग हाती असले आणि तिच्या कारभारात आपला शब्द चालत असला, म्हणजे तिच्या नफ्यातील आपला हिस्सा, तिकडून लाभांशाची दमडीही आलेली नसताना, इकडच्या नफातोटा पत्रकात मिरविता येतो. उलटपक्षी तिकडचे चलन गडगडून गुंतवणुकीची किंमत उतरली, तर ती घसरण नफातोटा पत्रकाचा उंबरठाही ओलांडीत नाही. ताळेबंदातील एका राखीव खात्यात, समभाग विकले जाईपर्यंत, तिची सोय लावलेली असते. सारांश, जो नफा आला नाही तो आलेला असतो आणि जो तोटा झाला तो झालेला नसतो.

तथापि, मूल्य घटविण्याची पाळी आली की मुनीमजींच्या मुखी एकच मंत्र : रोखीचा नव्हे! मग खरेदीच्या दिवशी जी रक्कम मोजली ती काय कवड्यांत मोजली होती? 2000 साली तिसऱ्या पिढीच्या मोबाइल सेवेसाठीच्या रेडिओलहरींच्या लिलावांत ब्रिटनच्या सरकारने सुमारे 22 अब्ज पौंड आणि जर्मनीच्या सरकारने सुमारे 50 अब्ज युरो वसूल केले, ते रोख. त्या उन्मादात परक्या कंपन्यांचे समभाग चढ्या भावाने घेण्यासाठी जी कर्जे काढली गेली, त्यांचे व्याज भरावे लागले, तेही रोख. आणि दोनतीन वर्षांत ख्यातीच्या नावाने मांडलेले मूल्य निर्लेखित करण्याचा प्रसंग आला, तेव्हा मात्र रोखीशी आपली कधी ओळखदेखही नव्हती असा बहाणा! रोकड आधीच गेली म्हणून आजचा तोटा बिनरोखीचा, हा युक्तिवाद ऐकून दिवाळखोरानेही आपल्या सावकारास बोध करावा.

आम्हा ग्राहकांच्या वाट्याला मात्र असे सूक्ष्म शास्त्र येत नाही. कंपनीच्या पंचांगात महिना 28 दिवसांचा, सबब वर्षाचे रिचार्ज 13, आणि तेरावे रिचार्ज रोखीचे नसल्याने कंपनीने विचलित होऊ नये, असे आम्ही कळविले तर सेवा तत्काळ खंडित! ताळेबंदाची प्रकृती सुधारण्यासाठी दरवाढ होते, ती आमच्या खिशातून, रोखीने. आणि ज्या महाभागांनी ती परदेशी खरेदी केली, त्यांचा बोनस ठरविताना ‘अपवादात्मक’ म्हणून हा तोटा वगळून नफा हिशेबात धरण्याची पद्धत आहे. तो बोनस कोणत्याही राखीव खात्यात पडून राहत नाही. हे शास्त्र नव्हे, ही राजरोस लूट आहे. तोटा खरोखरच रोखीबाहेरचा असेल, तर संचालकांचे मानधनही पुढील वर्षापासून रोखीबाहेर द्यावे, आणि त्यांनी विचलित होऊ नये अशी टीप तेवढ्याच बारीक टायपात छापावी.