अंधारात फोटो काढण्याचे सुलभ शास्त्र

सर्वप्रथम फ्लॅश घरी ठेवा. नाटक रंगात आले असताना तो उडवलात, तर प्रेक्षकही तुमच्याकडे बघतील आणि नटही. कौतुकाने कोणीच नाही.

कॅमेऱ्यात इलफर्ड एचपी-५ प्लस भरा. डबीवर ४०० आयएसओ असे छापलेले असेल, तिकडे दुर्लक्ष करून कॅमेऱ्याची चकती १६०० वर फिरवा. फिल्मला याचा पत्ता नसतो, ती ४०० चीच राहते. तिला हक्काच्या पावपट उजेड द्यायचा आणि पुढे डेव्हलपरमध्ये जास्त वेळ बुडवून निभावून न्यायचे, याला ‘पुश’ म्हणतात. अख्खा रोल १६०० वरच संपवा. मध्यंतरात कॅन्टीनमधला बटाटेवडा ४०० वर टिपायचा मोह होईल. पण टँकमध्ये वड्यासाठी वेगळी वेळ लावता येत नाही.

मीटरचे ऐकू नका. त्याला नायिका दिसत नाही, मागचा काळा पडदा दिसतो आणि तो ‘उजेड द्या’ म्हणून बोंबलतो. तेवढा दिलात तर तिचा चेहरा उकडीसारखा पांढराफटक. चेहऱ्यावरचाच उजेड मोजा, आणि नट वाक्य संपवून थांबला की बटण दाबा. तलवारबाजीचे प्रवेश नुसते बघावेत.

आता न्हाणीघर. चेंजिंग बॅगेत हात घामेजले की फिल्म स्पायरलवर चढत नाही, अर्ध्यात अडते. हात बाहेर काढू नका. शिव्या मात्र बाहेरच द्या. आयडी-११ हा डेव्हलपर पाणी न मिसळता वापरलात, तर २० अंशांवर ४०० साठी साडेसात मिनिटे आणि १६०० साठी १४. मे महिन्यात मुंबईच्या नळाकडे २० अंश मागणे हा विनोद आहे, म्हणून बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवा. (पाहुण्यांच्या सरबतासाठी ठेवलेला बर्फ कुठे गेला, ही चर्चा १४ मिनिटे लांबवता आली पाहिजे.) दर मिनिटाच्या सुरुवातीच्या दहा सेकंदांत टँक चारदा उलटासुलटा करा. उत्साहाच्या भरात घुसळत बसू नका. पुशमुळे कॉन्ट्रास्ट आधीच चढलेला असतो.

एवढे करून सावल्या उजळत नाहीत, हे पुशवाले सहसा शेवटी सांगतात. डेव्हलपर उजेड लागलेल्या चांदीवरच काम करतो. जास्तीच्या वेळाने चेहरे आणि दिवे वर येतात, दाणे ठसठशीत होतात. जिथे उजेड पोचलाच नाही तिथे १४ काय, ४० मिनिटे बुडवलेत तरी नुसता धुरकटपणा वाढेल. आयडी-११ ऐवजी मायक्रोफेन मिळाले तर तेच घ्या, १६०० ला ११ मिनिटे. त्यात सावल्यांवर जरा कमी अन्याय होतो.

प्रिंट दाखवताना काळी घोंगडी पांघरून कोपऱ्यात उभा असलेला नट ‘मी कुठाय?’ असे विचारणारच. त्याला दाण्यांची महती सांगू नका. पुढच्या प्रयोगाला पांढरे उपरणे घे म्हणावे.