पगारदार असावा घरी

नोकरी सोडण्याचा मोसम पुण्यात एप्रिलात येतो. मार्चअखेरचा बोनस खात्यावर पडला, की हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाला अचानक आतला आवाज ऐकू येतो. बोनस पडण्यापूर्वी हा आवाज कुणाला आल्याची नोंद नाही. मग राजीनामा, मग लिंक्डइनवर निरोपाचा मजकूर, आणि नावाखाली ‘फाउंडर’. घाई एवढी, की साडेचार वर्षं भरलेला माणूस पाच वर्षांना मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीसाठी आणखी सहा महिने थांबत नाही. थांबतो तो भित्रा, असं त्याने एका उद्योजकता मेळाव्यात ऐकलेलं असतं.

या मेळाव्यांत दोन गोष्टी सांगितल्याशिवाय वक्त्याला मानधन मिळत नसावं. पहिली लक्ष्मणराव किर्लोस्करांची. मुंबईच्या व्हीजेटीआयमधली शिक्षकी सोडली, बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, मग लोखंडी नांगर, मग १९१० साली किर्लोस्करवाडी. टाळ्या! लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी नांगराला हात लावत नव्हते आणि माल पडून होता, तो काळ वक्ता पाण्याच्या एका घोटात ओलांडतो. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी कारखान्याला माळरान दिलं, तेही ओझरतंच. दुसरी गोष्ट इन्फोसिसची. १९८१, पुणे, सुधा मूर्तींनी साठवलेले दहा हजार रुपये. वक्ता दहा हजारांवर थांबतो. सुधाताई तेव्हा स्वतः नोकरीत होत्या, ही खरी कामाची बातमी सांगायला वेळ उरत नाही.

संस्थानं पुढे विलीन झाली. तेव्हापासून औंधकरांची गादी घरोघरच्या सौभाग्यवती चालवतात. (उलट प्रकारही आहेत. बायकोचा धंदा, नवऱ्याची नोकरी. पण तिथे नवऱ्याचा ‘खंबीर पाठिंबा’ असतो आणि त्याचा फोटोही छापून येतो.)

आमच्या माहितीतले एक फाउंडर घ्या. धंदा सल्लागारीचा. पगार होता तेव्हा व्यवसायकर म्हणून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाचे २,५०० रुपये कापले जायचे आणि यांना पत्ताही नसायचा. आता तेच २,५०० स्वतःच्या हाताने भरायचे. नफा झाला का, असं ते घेणारा विचारत नाही. सेवेची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी लागत नाही, पण मोठ्या गिऱ्हाइकाला नंबर हवा असतो, म्हणून यांनी हौसेने घेतला. पहिलं बिल फाडलं एक लाखाचं, वर अठरा हजार जीएसटी. पुढच्या महिन्याच्या २० तारखेला ते अठरा हजार सरकारजमा करायचे. गिऱ्हाइकाने पैसे दिलेले नाहीत, ही तुमची खाजगी बाब. अठरा हजार कुठून आले? सौभाग्यवतींच्या खात्यातून. फाउंडर त्याला ‘ब्रिज फंडिंग’ म्हणतात.

थकलेल्या बिलांसाठी कायदा नाही असं नाही. २००६ चा आहे आणि वाचायला फार सुंदर आहे. लघुउद्योजकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. चुकवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय तक्रारीसाठी ‘समाधान’ नावाचं पोर्टल. हे व्याज मागायला एकच तयारी लागते : त्या गिऱ्हाइकाकडून पुन्हा काम नको असलं पाहिजे. म्हणून फाउंडर कायदा न वापरता फोन वापरतात. ‘सर, बिल सिस्टिमला चढवलंय.’ ‘सर, अप्रूव्हलला आहे.’ ‘सर, सही करणारे साहेब टूरवर आहेत.’ ‘पुढच्या आठवड्यात बघू या ना सर.’ शेवटी पैसे येतात तेव्हा दहा टक्के टीडीएस कापून येतात. तो परत मिळवायला पुढच्या वर्षी रिटर्न भरायचं.

आता गंमत पाहा. सौभाग्यवती स्वतः एका कंपनीत अकाउंट्सला आहेत. दिवसभर त्या दुसऱ्या कुठल्यातरी फाउंडरला अतिशय मृदू आवाजात सांगत असतात, ‘सर, पुढच्या आठवड्यात बघू या ना.’ असे चाळीस फाउंडर अडवून धरले, की कंपनीच्या खात्यात महिनाअखेर रक्कम शिल्लक राहते. त्यातून एक तारखेला सौभाग्यवतींचा पगार वेळेवर होतो आणि त्या पगारावर आमचे फाउंडर दुसऱ्या कंपनीच्या फोनची वाट पाहतात. स्टार्टअप अर्थव्यवस्थेचं चाक फिरतं म्हणतात ते असं.

घराचं कर्ज वाढवून घ्यायचं म्हणून फाउंडर बँकेत गेले. नवं कोरं व्हिजिटिंग कार्ड पुढे केलं. साहेबांनी ते उलटून मागची बाजू पाहिली, तीन वर्षांची रिटर्न आहेत का विचारलं, आणि नाही म्हटल्यावर आवाज खाली आणून म्हणाले, ‘मिसेस कुठे असतात?’ तीन सॅलरी स्लिपा आणि एक फॉर्म सोळा एवढ्यावर काम झालं. जुन्या कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपला. नव्या पॉलिसीत वडिलांच्या मधुमेहाला तीन वर्षांपर्यंत थांबा म्हणाले. मधुमेहाने थांबायला नकार दिल्यामुळे आईवडील सुनेच्या ग्रुप पॉलिसीत गेले.

एवढी गुंतवणूक करणाऱ्या व्यक्तीला फाउंडरांच्या कंपनीत काय स्थान आहे? आहे तर. त्या संचालक आहेत. प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन संचालक लागतात आणि दुसरा माणूस फुकट मिळत नव्हता. सह्या त्या रविवारी सकाळी, पोहे व्हायच्या आत करतात. गुंतवणूकदारांना दाखवायच्या सादरीकरणात ‘आमची टीम’ या पानावर फाउंडर, एक इंटर्न आणि एक मेंटॉर एवढेच आहेत. मेंटॉरने आजवर काय दिलं, असं विचारलं तर ‘दिशा’ असं उत्तर मिळालं.

बाईंनाही काहीतरी करायचं होतं. बेकरी. ओव्हनची कोटेशनंसुद्धा आणली होती. त्यांनी विषय काढला तेव्हा फाउंडरांनी शांतपणे, जबाबदार गृहस्थासारखं समजावलं, की धंद्यात सुरुवातीची काही वर्षं फार अनिश्चित असतात, घरात एक तरी पगार हवा. हे त्यांना आधी माहीत होतं की नंतर कळलं, ते आम्ही विचारलं नाही. कोटेशनं ड्रॉवरमध्ये आहेत.

परवा फाउंडरांना ‘युवा उद्योजक’ पुरस्कार जाहीर झाला. निमंत्रणपत्रिकेत फाउंडरांचं नाव ठळक आणि पुढे कंसात ‘सपत्नीक’. आयोजकांना विनंती, की शाली दोन आणाव्यात आणि पहिली कुणाच्या खांद्यावर टाकायची ते आधी ठरवून ठेवावं. आणि कार्यक्रम रविवारी ठेवावा. मधल्या वारी बाईंना रजा मिळत नाही.