हस्ते परहस्ते ज्ञानरचना

मुलाने हाताळून, मोजून, प्रसंगी चुकून स्वतःचे ज्ञान स्वतः घडवावे, या विचाराला ज्ञानरचनावाद म्हणतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही कलम २९ मध्ये कृती, शोध व अन्वेषण यांतून शिकण्याचा आग्रह धरला आहे, आणि महाराष्ट्रातील अनेक प्राथमिक शाळांत हा विचार ऑइलपेंटने फरशीवर उतरला आहे. दशक म्हणजे दहा काड्यांचा गठ्ठा, आणि तो मुलाने स्वतः मोजून रबराने बांधणे अपेक्षित असते. परंतु सुट्या काड्या वर्गभर पांगतात आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांची भेट काही सांगून होत नाही, म्हणून जाणते गुरुजी गठ्ठे आधीच बांधून कपाटात ठेवतात. प्रकल्प, म्हणजे विद्यार्थ्याने परिसरातून माहिती जमवून केलेले काम, बहुधा आईच्या सुवाच्य अक्षरात पूर्ण होतो, आणि आकारिक मूल्यमापनात, म्हणजे शिकता शिकता करावयाच्या मूल्यमापनात, त्यापुढे ‘स्वतः कृती करतो’ अशी नोंद पडते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाड परिसरात गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळाच कुरणात नेली, तेव्हा पाने, बिया आणि खडे हेच शैक्षणिक साहित्य होते. त्याला कपाट लागत नव्हते, त्यामुळे किल्ली कोणाकडे आहे हा प्रश्नही उद्भवला नाही.