यावे, घर आपलेच आहे

प्रति,
श्री. अनोळखी दादा
(उर्फ ‘प्रो प्लेयर’, उर्फ ‘किंग भाऊ’, उर्फ ‘स्वीटी’)
मुक्काम : आमच्या पोरांच्या हातातला फोन

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

आपण आमच्या गावात येऊन बरीच वर्षं झाली, पण आपला साधा सत्कार करणंही आम्हाला जमलं नाही. देऊळगाव राजाची माणसं तशी पाहुण्याला उपाशी परत पाठवत नाहीत. आश्विनात बालाजी महाराजांची यात्रा भरते, लाठा मंडप उभा राहतो, तेव्हा कुठून कुठून आलेल्या माणसांची आम्ही सोय लावतो. आपण तर बारा महिने तेरा काळ इथंच असता, तेही थेट पोरांच्या पांघरुणात. म्हणून समस्त पालकवर्गातर्फे हे जाहीर आभारपत्र. आपलं काम सोपं व्हावं म्हणून आम्ही आजवर जे जे केलं, त्याची कुठंतरी नोंद राहावी एवढाच हेतू.

सुरुवात फोनापासून. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलूप लागलं, वर्ग ऑनलाइन भरणार असं कळलं, आणि ज्या घरात तोवर एकच फोन होता, तोही बापाच्या खिशात, तिथं सोयाबीनच्या पट्टीचे पैसे मोडून दुसरा आला. शाळा पुढे उघडल्या. फोन काही परत गेला नाही. त्याला आता ‘अभ्यासाचा फोन’ म्हणतात. रात्री साडेअकराला पांघरुणाखाली जो उजेड दिसतो तो भूगोलाचा असतो, अशी आमची श्रद्धा आहे. दिवसा विचारपूस करायला घरी कोणी नसतं. आमच्याकडे शेडनेटमध्ये भाजीपाल्याच्या बियाण्याचे प्लॉट असतात. आई सकाळीच क्रॉसिंगला, म्हणजे हातानं परागीकरण करायला जाते, फुलाफुलाला हात लावून संध्याकाळी मान मोडून परत येते. तिला पोराच्या फोनची काळजी नाही असं नाही. तिला कोणी त्यातलं काही दाखवलेलंच नाही.

मग इन्स्टाग्रामवर खातं काढण्याचा सोहळा. जन्मसाल विचारलं की यादी बोटानं खाली सरकवत न्यायची आणि १९९५ च्या आसपास थांबायचं, हे आमच्या पाचवीतल्या पोराला बाविसाच्या पाढ्याआधी येतं. कंपनीनं तेरा वर्षांची अट घातली आहे. ती पाळली जाते का हे बघायला दारात कोणी बसत नाही. आम्हीही कौतुकानं म्हणतो, पोट्टं लई हुशार, आपलं आपण सगळं करतं. यात तुमचा केवढा फायदा झाला हे आमच्या फार उशिरा लक्षात आलं. फेब्रुवारी २०२५ पासून इन्स्टाग्रामनं भारतातही अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळी खाती सुरू केली. खातं आपोआप खासगी, अनोळखी माणसाला थेट निरोप पाठवता येत नाही. पण आमचं पोरगं कागदोपत्री तीस वर्षांचं! त्यामुळे तुमच्या वाटेत उभं केलेलं ते एकुलतं एक फाटक आम्हीच काढून ठेवलं आहे.

माहितीच्या बाबतीतही तुम्हाला कधी कमी पडू दिलं नाही. लेकीचा वाढदिवस आला की फ्लेक्स लागतो. त्यावर तिचं पूर्ण नाव, तारीख, शाळेचा गणवेश घातलेला फोटो, खाली शुभेच्छुक म्हणून सगळे काका, मामा आणि मित्रमंडळ. त्या फ्लेक्सचा फोटो मग स्टेटसला, फेसबुकला, गावच्या सगळ्या ग्रुपवर. एवढं कुटुंब एका नजरेत तुम्हाला तलाठ्याच्या दप्तरातही मिळायचं नाही. पुढं तुम्ही तिला निरोप धाडता, ‘मी तुझ्या मामाचा मित्र’, आणि मामाचं नाव अचूक सांगता, तेव्हा तिचा विश्वास बसतो यात नवल काय.

आणि तरीही आम्ही सावध माणसं आहोत बरं का. यात्रेच्या गर्दीत पोराचं मनगट सोडत नाही. त्याच्या खिशात नंबर लिहिलेली चिठ्ठी घालतो आणि दहादा बजावतो : हरवलास तर पोलिसमामाजवळ जाऊन उभा राहा, रडू नको, आम्ही तुला रागावणार नाही. हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं, कारण हरवलेलं पोरगं आधी घाबरतं ते गर्दीला नाही, बापाला. तुमच्या यात्रेत मात्र त्याला एकटं सोडताना आमचा उपदेश एवढाच असतो : काही लफडं केलंस तर फोन भिंतीवर आपटीन आणि तंगडं तोडीन.

दादा, हीच आमची तुम्हाला सगळ्यात मोठी देणगी. बाकीचं सगळं तुम्ही स्वतःच्या कष्टानं मिळवलं असतं.

तुमच्या कष्टांचंही कौतुक केलं पाहिजे. तुम्ही घाई करत नाही. गेममध्ये चौघांच्या स्क्वॉडमध्ये येता, माईकवर म्हणता, ‘भारी खेळतो रे तू.’ हे वाक्य त्या पोरानं घरात शेवटचं कधी ऐकलं ते त्याला आठवत नाही. दोन दिवसांनी डायमंडचा टॉप-अप पाठवता. मग ‘इथं नको, इन्स्टावर ये’, मग ‘टेलिग्रामवर बोलू’, म्हणजे दर वेळी आधीपेक्षा जास्त बंद खोलीत. मग ‘घरी आत्ता कोण आहे?’ आणि मग ते ठरलेलं, ‘हे आपल्या दोघांतच ठेव.’ ज्या दिवशी हे वाक्य येतं त्या दिवशी कोणी पोराच्या शेजारी बसलेलं असतं, तर तुमचा खेळ तिथंच संपला असता. पण तुम्हाला ठाऊक असतं, शेजारी कोणी नसतं.

मुलींच्या बाबतीत आम्ही तरी थोडे धास्तावलेले असतो. मुलाला काय होतंय, असं म्हणून त्याच्याकडे बघतच नाही. म्हणून तुम्ही ‘स्वीटी’ होता. अकरावीतल्या पोराशी आठवडाभर गोड बोलता, एक व्हिडिओ कॉल, एक फोटो, आणि पाचव्या मिनिटाला त्याच्या फोनवर त्याच्याच फॉलोअरांच्या यादीचा स्क्रीनशॉट. त्यात मावशी, चुलतभाऊ, क्लासचे सर. ‘दोन हजार टाक, नाहीतर सगळ्यांना पाठवतो.’ आता त्या पोरापुढे दोनच माणसं उभी आहेत. एक तुम्ही, दुसरा बाप. तुम्ही फक्त पैसे मागता. बाप काय करील ते त्यानं लहानपणापासून बघितलं आहे. तो क्लासची फी यूपीआयनं तुम्हाला पाठवतो. दोन हजार मिळाल्यावर तुम्ही चार मागता, कारण जो एकदा देतो तो पुन्हा देतो, हे तुमच्या धंद्याचं पहिलं कलम. ते पोराला सांगणारं कोणीही त्या खोलीत नसतं. आम्ही पलीकडच्या खोलीत क्रिकेट बघत असतो, तेही फोनवरच.

आता तुमच्या वाटेतल्या अडथळ्यांबद्दल. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांशी गावानं नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला : अठरा वर्षांखालच्या पोरांना मोबाईल बंद, सापडला तर २०० रुपये दंड. गावाची तळमळ खरी होती, त्याबद्दल थट्टा नाही. पण तुम्ही हसला असाल. दंडाच्या धाकानं पोरगं फोन सोडत नाही, लपवून वापरायला शिकतं, आणि लपवून वापरणाऱ्याला काही झालं तर तो सांगणार कोणाला? त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं वेगळंच काढलं. संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो, दीड तास गावातले टीव्ही आणि फोन बंद, साडेआठला पुन्हा भोंगा. यातली मेख भोंग्यात नाही, मोठ्यांचेही फोन बंद होतात यात आहे. दीड तास घरातली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. आमच्या गावात असा भोंगा लावायचा म्हटलं तर पोरांआधी बापच अर्ज घेऊन येतील, अशी मला रास्त भीती आहे.

सरकारनंही तुमच्यासाठी पुष्कळ धावपळ केली. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी बंद केलं, २०२१ मध्ये ते दुसऱ्या नावानं आलं, २०२२ मध्ये ते बंद झालं, २०२३ मध्ये परत आलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर बंद झालं, फ्री फायर मॅक्स राहिलं. या सगळ्या धामधुमीत पोरांचा एकही डाव चुकला नाही. ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद झाले, हे मात्र चांगलं झालं; कित्येक घरांतली पेरणीची रक्कम त्यात जात होती. २०२३ च्या डेटा कायद्यात असंही लिहिलं आहे की अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर आईबापाची पडताळलेली संमती हवी. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि या कलमाची तयारी करायला कंपन्यांना अठरा महिन्यांची मुदत मिळाली. संमती घेताना काय होईल ते आत्ताच सांगतो. बापाच्या फोनवर ओटीपी येईल, बाप चष्मा शोधेल, आणि म्हणेल, ‘वाच रे बाळ्या, काय आलं बघ.’ ऑस्ट्रेलियानं १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांची खातीच बंद करायला लावली, आणि जबाबदारी पोरांवर किंवा आईबापांवर न टाकता कंपन्यांवर टाकली. तो प्रयोग तुम्ही काळजीपूर्वक बघा. आम्हीही बघतोय.

पण तुमचा धंदा बसला तर तो ठरावानं किंवा बंदीनं नाही बसायचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत पोलीस मुख्यालयात सायबर जागरूकता महिन्याचं उद्घाटन होतं. मुख्यमंत्र्यांसमोर अक्षय कुमारनं त्याच्या घरातली गोष्ट सांगितली. तेरा वर्षांची त्याची मुलगी अनोळखी माणसाशी गेम खेळत होती. समोरचा आधी गोडगोड बोलला. मग विचारलं, मुलगा की मुलगी? मुलगी म्हटल्यावर थेट नग्न फोटो मागितला. पोरीनं गेम बंद केला आणि उठून आईला सांगितलं. बस, संपलं. अभिनेत्यानं तिथं सातवी ते दहावीच्या वर्गांना आठवड्याला एक सायबरचा तास ठेवा अशी मागणी केली. ती रास्तच आहे. पण तुम्ही त्या भाषणातलं आधलं वाक्य ऐका, कारण तुमचं नुकसान तिथं आहे. ती उठली आणि आईला सांगायला गेली. तिला वाटलं नाही की आई आधी फोन हिसकावून घेईल.

असला संसर्ग आमच्याकडेही पसरायला लागला आहे, हे तुम्हाला कळवणं आमचं कर्तव्य. आमच्या गल्लीत एक आजी आहेत. त्यांना स्क्रीनवरचं धड दिसत नाही. नातू ओसरीवर खेळत बसला की त्या वाती वळत शेजारी बसतात आणि विचारतात, ‘कोण मेलं रे आत्ता?’ तो सांगतो. ‘हा कोणता गडी?’ तो म्हणतो, नागपूरचा आहे म्हणतो. ‘म्हणतो म्हणजे? तू पाह्यला का?’ एवढंच. ओरडा नाही, उपदेश नाही. एके दिवशी नातू आपणहून म्हणाला, ‘आजी, हा मला शर्ट काढून फोटो पाठव म्हणतो.’ आजीची वात हातातच राहिली. पण त्या एवढंच म्हणाल्या, ‘मंग तू काय म्हणला?’ संध्याकाळी बाप आला. आजीनं त्याला आधी बाहेर बोलावलं, चहा दिला, आणि तंबी दिली : पोट्ट्याला हात लावशील तर माझ्याशी गाठ आहे. बापानं मग पोराच्या शेजारी बसून तो सगळा संवाद वाचला, पुसून टाकला नाही, एकेक पानाचा स्क्रीनशॉट घेतला आणि समोरच्याला ब्लॉक केलं. समोरचे म्हणजे तुमच्यातलेच कोणीतरी असणार, म्हणून कानावर घातलं.

आणखी एक. त्या घरात दिनदर्शिकेवर दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी आता दोन आकडे लिहिलेत : १९३० आणि १०९८. पहिला पैसे गेले तर ताबडतोब फिरवायचा, जितकं लवकर तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा. दुसरा मुलांच्या मदतीचा. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर मुलांच्या अश्लील चित्रांची तक्रार नाव न सांगताही करता येते, हेही त्या बापाला आता माहीत आहे. आणि अठरा वर्षांखालच्या मुलाचा फोटो तुमच्याकडे गेलाच, तर ‘टेक इट डाऊन’ नावाची फुकट सोय आहे. तिथं फोटो पाठवावा लागत नाही, तो फोनमध्येच राहतो. त्याचा फक्त अंकांतला ठसा तयार होतो आणि इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅटसारख्या सामील कंपन्या तो ठसा जुळला की चित्र काढून टाकतात. म्हणजे ‘सगळ्यांना पाठवतो’ ही तुमची धमकी पूर्वीइतकी बिनतोड राहिलेली नाही. ऐकून वाईट वाटलं असेल.

बाकी ठीक. इतर घरांत आपलं स्वागत आहेच. तिथं अजून तंगडं तोडण्याचीच भाषा चालते.

कळावे, लोभ आवरावा.

आपले,
समस्त पालकवर्ग, देऊळगाव राजा, जि. बुलढाणा

ता. क. : उत्तर पाठवायचं असेल तर जरा जपून पाठवा. पोरगं ते आजीला वाचून दाखवतं.