दोन बोटं उरलेला स्वर्ग

फार आनंद झाला की मराठी माणसाला स्वर्ग दोन बोटं उरतो. ही दोन बोटं म्हणजे नक्की किती, हे मोजायच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं. मोटार कंपन्यांनी ते काम केलं. मारुतीच्या डिझायर या सेडानचं पोट जमिनीपासून 163 मिलिमीटरवर असतं आणि ब्रेझा या एसयूव्हीचं 198 वर. फरक 35 मिलिमीटरचा. तर्जनी आणि मधलं बोट शेजारी शेजारी ठेवून पाहा, जवळपास तेवढाच भरेल. बलेनोवरून घडवलेल्या फ्रॉन्क्स या क्रॉसओव्हरमध्ये 170 चे 190 होतात, म्हणजे तिथे एका अंगठ्यावर भागवलं आहे. या बोटभर स्वर्गासाठी देश केवढा आतुर आहे ते पाहा: 2024-25 या आर्थिक वर्षात देशात विकल्या गेलेल्या सुमारे 43 लाख प्रवासी गाड्यांपैकी जवळजवळ 28 लाख ‘युटिलिटी’ वर्गातल्या होत्या. युटिलिटी म्हणजे उपयुक्तता. आता ही उपयुक्तता कुणाच्या उपयोगी पडते, एवढंच पाहायचं राहिलं.

कुटुंबाची मागणी काही फार मोठी नसते. चार-पाच माणसं बसावीत, त्यातल्या आजी-आजोबांना चढता-उतरता यावं आणि गणपतीला गावी जाताना बॅगा, पिशव्या, मखराचं सामान मांडीवर न घेता मागे मावावं. या मागणीवर जगानं फार पूर्वी स्टेशन वॅगन हा तोडगा काढला: सेडानचं छप्पर शेपटीपर्यंत ओढायचं आणि मागे मोठा दरवाजा लावायचा. आपल्यालाही ही गाडी दाखवून झाली. टाटांनी 1992 मध्ये इस्टेट आणली, पुढे इंडिगो मरीना आणली. मारुतीची बलेनो अल्टुरा, फियाटची सिएना वीकेंड, ओपेलची कोर्सा स्विंग याही येऊन गेल्या. सगळ्यांवर निकाल एकच: ‘अ‍ॅम्ब्युलन्ससारखी दिसते.’ काहींनी तर अ‍ॅम्ब्युलन्सच्याही पुढच्या प्रवासाच्या गाडीशी तुलना केली. गंमत अशी की एसयूव्हीचं छप्परही शेपटीपर्यंतच जातं आणि तिलाही मागे मोठाच दरवाजा असतो. पेटी तीच, खाली दोन बोटांचा पाट सरकवला आणि वर रूफरेल ठोकले की अ‍ॅम्ब्युलन्सची मर्दानी गाडी होते. पाटावर बसवलं की आपल्याकडे कुणालाही मान मिळतो, नवरदेवालाही आणि गणपतीलाही.

पण सगळा दोष गिऱ्हाइकाच्या डोक्यावर टाकणं बरोबर नाही, कारण कपडे शिवणारा शिंपी दिल्लीत बसतो. 2006 च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री चिदंबरम यांनी लहान गाड्यांवरचं उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 वर आणलं. लहान गाडी कोणती, तर जिची लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत किंवा डिझेल 1500 पर्यंत. वॅगनचं सगळं पुण्य तिच्या शेपटीत असतं, आणि कायद्यानं नेमकी शेपटीलाच कात्री लावली. मरीनाच्या भावंडानं इशारा लगेच ओळखला: 2008 मध्ये इंडिगोची डिकी छाटून ‘इंडिगो सीएस’ बाजारात आली. लांबीवर मर्यादा आणि उंची मोकळी सोडली की काय होतं, हे चटई क्षेत्र निर्देशांकाच्या छायेत वाढलेल्या मुंबईकराला सांगायला नको. गाड्या टॉवरसारख्या वर गेल्या. आज नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट या सगळ्या चार मीटरच्या उंबरठ्याच्या चार-पाच मिलिमीटर अलीकडे पाय आवरून उभ्या आहेत. ब्रेझाचं तर आणखीच. तिच्या पेट्रोल इंजिनाला 1200 सीसीची अट पाळता येत नाही, त्यामुळे आखूडपणाची सवलत तिला मिळत नाही. तरी डिझेलच्या दिवसांत घातलेलं आखूड झबलं तिच्या अंगावर अजून तसंच आहे.

बरं, एसयूव्ही म्हणजे काय, हे तरी सरकारला माहीत असावं. 2013 मध्ये एसयूव्हीवरचं शुल्क 27 वरून 30 टक्के झालं आणि व्याख्येत 170 मिलिमीटर पोट-उंचीची अट होती. महिंद्रांनी एक्सयूव्ही 500 च्या एका आवृत्तीचं पोट 160 मिलिमीटरवर उतरवलं. खाली बसून एसयूव्हीनं एसयूव्हीपणाचा राजीनामा दिला, नाव मात्र ठेवलं. डिसेंबर 2022 मध्ये जीएसटी परिषदेनं खुलासा केला की इंजिन, लांबी आणि उंची यांच्या जोडीला गाडी लोकांत एसयूव्ही म्हणून ओळखली जात असली पाहिजे. म्हणजे कर ठरवायला आधी नाक्यावर जाऊन विचारायचं. जुलै 2023 मध्ये नावाची ही अट गेली आणि उंची रिकाम्या गाडीची मोजावी असं ठरलं. चार मीटरहून जास्त लांबी, 1500 सीसीहून मोठं इंजिन आणि 170 मिलिमीटर उंची या अटी राहिल्या. आता क्रेटाचं पेट्रोल इंजिन आहे 1497 सीसीचं. देशातल्या हजारो सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये जी एसयूव्ही म्हणून दिमाखात उभी आहे, ती तीन सीसीनं त्या परीक्षेत नापास होते.

आता डिकी उघडू. बलेनोच्या डिकीत 318 लिटर जागा आहे. तिच्यावरून बेतलेली, तिच्यापेक्षा उंच, रुंद आणि महाग अशी जी फ्रॉन्क्स, तिच्या डिकीत 308. दहा लिटर कुठे गेले? रुबाबात गेले. याहून झणझणीत तुलना एकाच दुकानातल्या दोन गाड्यांची आहे. ब्रेझाची उंची 1685 मिलिमीटर, डिकी 328 लिटर. वॅगन आरची उंची 1675, डिकी 341. लांबीनं 34 सेंटिमीटर कमी असलेली, मध्यमवर्गानं ‘पहिली गाडी’ म्हणून घ्यायची आणि पगार वाढला की मेहुण्याला विकायची अशी ती गाडी. छप्पर जवळपास तेवढंच उंच आणि पोटात माल जास्त. जिच्या नावातच वॅगन आहे, तिनं निदान नावाला जागावं, हे तिचं शिष्टाचाराचं वागणं कुणाच्या लक्षातही येत नाही. 2024 मध्ये देशात सर्वाधिक खपलेली टाटा पंच एसयूव्ही म्हणून विकली जाते. उंचीत ती वॅगन आरच्या सहा सेंटिमीटर खाली आहे.

यावर पहिला आक्षेप रस्त्यांचा, आणि तो वजनदार आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानं गतिरोधक दहा सेंटिमीटर उंचीचा असावा. आपल्याकडे तो गल्लीतल्या मंडळाच्या मापानं होतो, आणि मंडळ वर्गणीप्रमाणे डांबरातही हात आखडता घेत नाही. तिथे दोन बोटं कामाला येतात, मान्य. पण ती रिकाम्या गाडीची. पाच माणसं आणि सामान बसलं की त्यातलं बरंच स्प्रिंगांत जातं. शिवाय ब्रेझा, नेक्सॉन, पंच, क्रेटा या सगळ्यांची फक्त पुढची चाकं ओढतात. म्हणजे चिखलात त्या डिझायरशेजारीच रुततील, फक्त जरा उंचावरून. ज्याचं शेत खरंच ओढ्यापलीकडे आहे, त्यानं चारी चाकांची गाडी जरूर घ्यावी. त्याच्याशी या सदराचं भांडण नाही. दुसरा आक्षेप गुडघ्यांचा. ज्येष्ठांना खाली वाकून सेडानमध्ये शिरणं जड जातं हे खरंच आहे, पण त्यांना हवी आहे कमरेच्या उंचीची बैठक, आणि ती त्या बिचाऱ्या वॅगन आरमध्ये 1999 पासून मिळते.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि इथे वॅगन आरची वकिली थांबवावी लागते: 2023 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तिला एकच तारा मिळाला. पण हा गुण-दोष उंचीचा असता तर ‘मिनी एसयूव्ही’ म्हणून आणलेल्या एस-प्रेसोला 2020 मध्ये शून्य तारे मिळाले नसते, आणि अल्ट्रोझ या हॅचबॅकला त्याच वर्षी आणि नव्या डिझायरला 2024 मध्ये पाच मिळाले नसते. नेक्सॉनचे पाच तारे तिच्या सांगाड्याचे आहेत, टाचांचे नव्हेत. ‘उंच बसलं की सुरक्षित वाटतं’ या वाक्यात खरं क्रियापद ‘वाटतं’ हे आहे. रस्त्यावर उभ्या असलेल्याला काय वाटतं, तेही मोजून झालं आहे: अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेच्या 2023 च्या अभ्यासात एक मीटरहून उंच बोनेटच्या गाड्यांची धडक पादचाऱ्याच्या जिवावर बेतण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या बोनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे 45 टक्के जास्त आढळली. तिथल्या त्या धिप्पाड गाड्यांच्या मानानं आपल्या एसयूव्ही पोरसवदा आहेत, पण आपले पादचारी फुटपाथ नसल्यानं बोनेटच्या जास्त जवळून चालतात.

उरतो चौथा आक्षेप, जो शोरूममध्ये कुणी तोंडानं बोलत नाही: शेजाऱ्यानं घेतली. याला उत्तर नाही आणि ते शोधण्यात वेळही घालवू नये. बाकीच्यांना एकच विनंती. शोरूमला जाताना घरातली सर्वांत मोठी बॅग आणि आजी, दोघींना बरोबर न्या. सेल्समन आधी सनरूफ उघडून दाखवील. त्याला आधी डिकी उघडायला सांगा.