कॅमेऱ्याचं सोवळं

पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरू नये म्हणून कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात जपणारी आपण मुंबई-कोकणाकडची माणसं. बर्फ दिसला की आपली माया आणखीच उतू जाते. गारठला असेल बिचारा, असं वाटतं. पण स्पितीतल्या किब्बरला, सुमारे 4,200 मीटर उंचीवर, फेब्रुवारीत हिमबिबट्याची वाट पाहत कड्याच्या तोंडाशी बसलं की उमगतं, थंडी कॅमेऱ्याला बऱ्यापैकी सोसते. सोसत नाही ती ऊब. दिवसभर उणे तापमानात राहिलेला कॅमेरा संध्याकाळी तंदूर पेटलेल्या खोलीत आणला, की चहाची वाफ, वाळत घातलेले मोजे आणि खोलीभर माणसांचे श्वास यांतला सगळा ओलावा त्याच्या गार अंगावर दव होऊन बसतो. काचेवर आणि कधी काचेच्या आतही, जिथं आपला रुमाल पोचत नाही. म्हणून बाहेरच्या कोरड्या थंडीतच त्याला पिशवीत घालायचं, तोंड घट्ट बंद करायचं आणि मगच आत यायचं. दव धरायचं ते पिशवीवर धरू दे. पुढचे तास-दोन तास तो सोवळ्यातल्या आजीसारखा कोपऱ्यात बसून असतो. आजीचा नैवेद्य होईपर्यंत आम्ही मुलं अशीच हात मागे बांधून घुटमळायचो, डोळे मात्र पुरणपोळीवर. (कार्ड बाहेरच काढून घ्यावं, म्हणजे निदान फोटो तरी बघता येतात.)

बॅटरीचे लाड याच्या अगदी उलट. गारठ्यात तिच्यातली रासायनिक क्रिया मंदावते आणि सकाळी भरलेली बॅटरी भलत्या क्षणी डोळे मिटते. बनियनच्या आतल्या खिशात थोडी ऊब मिळाली की पुन्हा जागी होते. घरी फोन करून ‘जेवलात का’ विचारायला विसरणारे गृहस्थही रात्री रजईत बॅटऱ्या मोजून, कुशीत घेऊन झोपतात.

हे सारं जुनंच आहे. स्कॉटच्या 1910च्या दक्षिण ध्रुव मोहिमेतला छायाचित्रकार हर्बर्ट पाँटिंग आपले कॅमेरे झोपडीबाहेर थंडीतच ठेवू लागला होता. एकदा काम करताना त्याची जीभ कॅमेऱ्याच्या धातूला लागली ती तिथंच गोठून चिकटली; ओढून सोडवली तेव्हा कातडी मागे राहिली. कॅमेऱ्यावर लोकांचा जीव जडतो, पाँटिंगची जीभ जडली.

आपली ‘हाऽ’ करून काच पुसायची सवयही अशा गारठ्यात घातक. वाफेचा लगेच बर्फाचा पापुद्रा होतो. बर्फाचे कण मऊ ब्रशनं झटकावेत आणि श्वास आवरावा. हिमबिबट्या दिसला की तो आपोआपच आवरतो, हा भाग वेगळा.

तर किब्बरला निघालात, की झिपच्या मोठ्या पिशव्या घरूनच न्या, लांब लेन्ससकट कॅमेरा मावेल एवढ्या. तिथं चहा आणि मॅगी मिळेल, पिशवीचा मात्र भरवसा धरू नका.