आतड्याचा दाह : लक्षणे, उपचार आणि नातेवाईक

अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्याच्या अस्तराचा दीर्घकाळ चालणारा दाह असून तो गुदाशयापासून सुरू होतो आणि मध्ये खंड न पाडता वर चढतो. किती चढायचे हे तो स्वतः ठरवतो. काहींत चार बोटांवर थांबतो, काहींत सगळे मोठे आतडे व्यापतो. याच कुळातला दुसरा आजार म्हणजे क्रोन्स. त्याला शिस्त नाही. तोंडापासून गुदद्वारापर्यंत तो कुठेही होतो, मधली निरोगी जागा सोडून पुढे उडी मारतो आणि अस्तरावर न थांबता भिंतीच्या पूर्ण जाडीत शिरतो. दोन्ही आजार बहुधा पंधरा ते पस्तीस या वयात उद्भवतात. बारावी, पहिली नोकरी आणि लग्न जमणे हे तिन्ही मुहूर्त आतड्याने आधीच हेरून ठेवलेले असतात.

रक्त आणि आव पडणे, पोटात कळ येणे, वजन घटणे, थकवा येणे ही लक्षणे पाठ्यपुस्तकात सविस्तर दिलेली असतात. घाई मात्र अर्ध्या ओळीत उरकलेली असते, आणि रुग्णाचा उरलेला दिवस त्या अर्ध्या ओळीतच जातो. सरकारी नोटिशीलासुद्धा पंधरा दिवसांची मुदत असते. सुजलेल्या गुदाशयाची नोटीस मिनिटांची असते आणि तिला स्थगिती मिळत नाही. शिवाय जाऊन आल्यावरही काही राहिल्यासारखे वाटते. त्यामुळे बाहेर आलेला रुग्ण दारातच क्षणभर थांबतो, विचार करतो आणि परत आत जातो. घरच्यांना हे तत्त्वचिंतन वाटते.

आजाराचे कारण एकच असे सांगता येत नाही. आनुवंशिकता, आतड्यातले जिवाणू, वातावरण आणि स्वतःच्याच आतड्यावर उलटलेली प्रतिकारशक्ती यांचा त्यात वाटा आहे. कुटुंबाकडे मात्र कारणांची तयार यादी असते : उशिरा जेवणे, मोबाइल, मिसळ, नजर आणि अविवाहित राहणे. रुग्ण विवाहित असल्यास शेवटचे कारण त्यानुसार बदलून घेतात. तंबाखूचे गणित विचित्र आहे. क्रोन्समध्ये सिगारेट आजार बिघडवते, तर अल्सरेटिव्ह कोलायटिस सिगारेट सोडलेल्यांत जास्त आढळतो. ही दुसरी गोष्ट घरातल्या कोणत्याही काकांच्या कानावर जाऊ देऊ नये. कोणताही डॉक्टर त्यावर सिगारेट लिहून देत नाही.

निदानाची वाट लांबची असते. महाराष्ट्रात त्या जागेहून आलेले रक्त हे मूळव्याधच मानले जाते आणि एसटी स्टँडच्या आसपासच्या भिंती विनाऑपरेशन उपचाराची ग्वाही देतात. मूळव्याधीचा मलम संपला की आमांशाचा कोर्स होतो. तोही संपल्यावर कोणीतरी कोलोनोस्कोपी हा शब्द उच्चारतो. दुर्बीण आत जाते तेव्हा रुग्णाला बहुधा गुंगी दिलेली असते, तेव्हा तिचे भय बाळगण्याचे कारण नाही. भय बाळगावे ते आदल्या रात्रीच्या दोनेक लिटर औषधी पाण्याचे. लिंबू पिळले की चव लागत नाही, असे सांगणाऱ्याने ते कधीही प्यायलेले नसते.

क्रोन्सच्या बाबतीत भारतात आणखी एक फाटा फुटतो. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स हे दोघेही लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यावर ठाण मांडतात, दोघेही व्रण करतात आणि बायोप्सीच्या तुकड्यातही अनेकदा ओळख देत नाहीत. त्यामुळे पुष्कळ रुग्णांना आधी क्षयाच्या गोळ्या, म्हणजे एकेटी, देऊन पाहतात. त्यांनी व्रण भरले तर तो क्षय होता, नाही भरले तर क्रोन्स. निदानासाठी काही महिने गोळ्या खाव्या लागणे हे परदेशी पुस्तकांच्या पहिल्या पानावर नसते. मुंबई-पुण्याच्या पोटविकार ओपीडीत ते रोजचे आहे.

नावांचा इतिहास थोडक्यात असा. ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ हे नाव लंडनच्या सॅम्युअल विल्क्स यांच्या १८५९च्या एका वृत्तांतापर्यंत मागे जाते. क्रोन्सचे वर्णन न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर या तिघांनी १९३२मध्ये छापले. नावे वर्णानुक्रमे लावली गेल्याने आजार क्रोन यांच्या नावावर लागला. ग्लासगोच्या डॅल्झिएल या सर्जनने तो १९१३मध्येच वर्णिला होता, पण सातबारा त्यांच्या नावे झाला नाही.

अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या उपचारांची सुरुवात बहुधा मेसालामाइनने होते. त्याचे मूळ औषध स्वीडनच्या नान्ना स्वार्ट्झ यांनी सांधेदुखीसाठी बनवून घेतले. त्यात एक सल्फा आणि एक सॅलिसिलेट जोडलेले होते. या जोडीतले काम नक्की कोण करते, याचा उलगडा १९७७मध्ये ऑक्सफर्डला झाला. ढाक्याचे आझाद खान आणि त्यांचे सहकारी यांनी दोन्ही भाग वेगवेगळे करून रुग्णांना एनिमातून दिले आणि सॅलिसिलेटचा भाग कष्टाळू, तर सल्फा नुसताच वाहक असल्याचे दाखवून दिले. आजचा एनिमा त्याच परंपरेतला आहे. तो रात्री डाव्या कुशीवर झोपून घ्यायचा असतो, कारण मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग डावीकडे आहे. दोन खोल्यांच्या घरात त्यासाठी लागणारा एकांत मिळवणे हा उपचाराचा अवघड भाग होय.

आजार उसळला की स्टेरॉइड येते. स्टेरॉइड हा घरी आलेला जावई समजावा : तो येताच सगळे सुरळीत होते, जेवणाला रंग चढतो, आणि त्याला एकदम ‘निघा’ म्हणता येत नाही. गोळी आठवड्याआठवड्याने कमी करत न्यावी लागते, कारण शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनवणे तोवर सोडून दिलेले असते. झोप उडणे, साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे आणि चेहरा गोल होणे हे त्याचे दुष्परिणाम. चेहऱ्याच्या गोलाईवर ‘तब्येत छान सुधारली हो!’ असा अभिप्राय मिळतो. रुग्णाच्या सगळ्या आजारपणात नातेवाइकांनी मनापासून केलेले हे एकमेव कौतुक असते, आणि ते दुष्परिणामाचे असते.

पुढच्या पायरीवर अझाथायोप्रिन आहे. ते काम दाखवायला दोन-तीन महिने घेते आणि पांढऱ्या पेशी उतरवू शकते. आशियाई लोकांत एका विशिष्ट जनुकाच्या बदलामुळे हा धोका वाढतो, म्हणून रक्त वारंवार तपासावे लागते. त्यापुढे इन्फ्लिक्सिमॅबसारखी जैविक औषधे. ती देण्याआधी छातीचा एक्स-रे काढून लपलेला क्षय शोधतात. म्हणजे निदानाच्या वेळी ज्याला दारातून घालवले, तो इथे पुन्हा भेटतो.

आहार हा या विषयातला सर्वांत मोठा प्रांत आहे आणि त्यात रुग्ण व डॉक्टर सोडून सगळे तज्ज्ञ असतात. अमुक पदार्थाने हा आजार होतो आणि तमुक पदार्थाने तो बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही. उसळीच्या काळात कच्ची कोशिंबीर, तिखट आणि जाड कोंडा टाळावा. मऊ भात, तूप, मेतकूट, मुगाची खिचडी, अंडे किंवा मासे चालत असतील तर तेही, असा साधा सल्ला असतो. क्रोन्समध्ये आतडे अरुंद झाले असेल तर पेरूच्या बियांपासून लांब राहावे. आजार शांत असताना माणसाने माणसासारखे जेवावे, कारण उपासमारीने व्रण भरत नाहीत. हे एवढेच असल्याने कोणाचेच समाधान होत नाही. मग आत्या ताक सुचवते, शेजारी बेलाचा मुरंबा आणून देतात, कोकणातले मामा कुड्याच्या सालीची पुडी पाठवतात आणि एक दूरचे परिचित गव्हांकुराचा रस घेऊन स्वतःच येतात. कुडा आणि बेल आयुर्वेदात अतिसारासाठी शतकानुशतके वापरात आहेत, तेव्हा मामा अगदीच हवेत बोलत नसतात. पंचाईत पुढच्या वाक्यात असते : ‘आणि त्या गोळ्या आधी बंद कर.’ पुडी ठेवून घ्यावी, आभार मानावेत आणि गोळ्या चालू ठेवाव्यात. डोके किंवा कंबर दुखली म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके मनाने घेणे हे मात्र मिसळीपेक्षा धोक्याचे आहे, आणि त्याविरुद्ध कोणतीही आत्या बोलत नाही.

पंगतीत आग्रह होतो. ‘एका जिलबीने काय होतंय?’ या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर ‘बहुधा काही नाही’ असे आहे, पण ते वाढप्याला कळू देऊ नये, कारण जिलबी कधीच एक नसते.

प्रवास हा आहाराखालोखाल मोठा विषय. मुंबईच्या लोकलमध्ये शौचालय नसते. कल्याणहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस जलद गाडीने साधारण तासाभराच्या अंतरावर आहे, म्हणून जाणता रुग्ण जलद गाडी सोडून धिमी पकडतो. तिचे प्रत्येक स्टेशनावर थांबणे इतर प्रवाशांना शाप वाटते, त्याला तो विमा वाटतो. कोणत्या फलाटाच्या कोणत्या टोकाला काय आहे, त्याला कडी आहे का, नळाला पाणी किती वाजेपर्यंत असते, हे त्याला तोंडपाठ असते. बिंदेश्वर पाठक यांनी १९७०मध्ये सुरू केलेल्या सुलभ संस्थेचे ऋण हा वर्ग मनोमन मानतो. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर फूड मॉल आहेत, पण बोरघाटात वाहतूक तुंबली की मॉल समोर दिसत असूनही गाठता येत नाही. चाळीत राहणाऱ्याची स्थिती वेगळी : गॅलरीच्या टोकाचे सामायिक संडास, पुढे रांग आणि रांगेत गप्पांच्या मूडमधले निवृत्त गृहस्थ. अशा वेळी लाज बाजूला ठेवून ‘मला आधी जाऊ द्या’ म्हणणे ही शिकून घ्यायची विद्या आहे. पहिल्यांदा जड जाते, पुढे चाळच आपण होऊन वाट देते.

कार्यालयात काय सांगावे याबद्दल मतभेद आहेत. दर आठवड्याला नवा ताप रचण्यापेक्षा वरिष्ठांना एकदा नीट सांगणे बरे, कारण बनावट आजारांची यादी आतड्याच्या आधी संपते. दाखला हवा असेल तर तो भारदस्त आहे : जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांनी २००७मध्ये आणि पुन्हा २०२०मध्ये पद सोडले, ते याच अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या पार्श्वभूमीवर. मधल्या काळात औषधांच्या आधाराने त्यांनी कित्येक वर्षे देश चालवला. लग्न जमवतानाही लपवू नये. पत्रिकेतले सहावे स्थान रोगाचे आणि शत्रूचे मानतात. आतडे दोन्ही खात्यांत बसते, त्यामुळे ज्योतिषालाही नवल वाटत नाही. आजार शांत असताना गर्भधारणा झाली तर ती बहुधा सुखरूप पार पडते. मात्र कोणते औषध चालू ठेवायचे हे आधी विचारावे.

आजार शांत झाला की रुग्ण बरा दिसतो, आणि खरा धोका तेव्हाच सुरू होतो. रक्त थांबते, कडी शोधणे थांबते आणि गोळ्यांची पाकिटे ड्रॉवरमध्ये मागे सरकतात. गोळ्या सोडलेल्यांत आजार पुन्हा उसळण्याचे प्रमाण बरेच जास्त असते. शांतता खरी आहे की वरवरची, हे शौचातल्या कॅलप्रोटेक्टिन या प्रथिनावरून तपासता येते. नमुना डबीत घालून रिक्षाने लॅबपर्यंत नेताना डबी मांडीवर न ठेवण्याची पद्धत आहे. मोठ्या आतड्याचा बराच भाग ग्रासला असेल तर आठेक वर्षांनंतर कर्करोगाच्या शंकेने ठरावीक काळाने दुर्बीण घालून पाहतात, म्हणजे लिंबू पिळलेले पाणी पुन्हा आले.

औषधांनी भागले नाही तर शस्त्रक्रिया. क्रोन्समध्ये आतड्याचा खराब तुकडा काढला तरी आजार पुष्कळदा जोडाच्या जागीच परत येतो, म्हणून सर्जन हात राखून कापतात. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये गुदाशयासह सगळे मोठे आतडे काढून लहान आतड्याच्या टोकाची पिशवी शिवतात. त्यानंतर दिवसातून पाच-सहा वेळा जावे लागते, पण पूर्वीची घाई बहुधा राहत नाही आणि जलद लोकल पकडता येते. मोठे आतडेच काढून टाकल्याचे कळल्यावर भेटायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ‘आता पोट साफ होतं ना?’ हा असतो. त्यावर ‘होतं’ म्हणावे आणि चहा ठेवावा.